शिफ्टनाना

नाट्यात ‘नाना’ अशी नुसती हाक मारलीत तर निदान पाच माणसं वळून बघतील. म्हणून गावाने प्रत्येक नानाला एकेक खूण लावून दिली आहे. पिठाची गिरणी चालवतात ते गिरणीनाना. दर शिमग्याला मुंबईहून येऊन ‘गाव सुधारलं पाहिजे’ एवढं सांगून परत जातात ते सुधारणानाना. आणि आमचे ते शिफ्टनाना.

परक्याला वाटतं, हे गृहस्थ कुठल्यातरी कारखान्यात पाळीवर जात असतील. पाळीचा काही संबंध नाही. सायंटिफिक कॅल्क्युलेटरच्या डाव्या अंगाला, अगदी वर, शिफ्ट नावाचं बटण असतं. बाकीच्या बटणांवर एक गोष्ट लिहिलेली असते आणि त्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत दुसरी. शिफ्ट दाबलं की बटणावरचं झोपतं आणि डोक्यावरचं जागं होतं. हे एवढं एक तत्त्व नानांना पटलं आणि मग त्यांनी ते सगळ्या सृष्टीला लावलं. ग्रामपंचायतीने पाखाडी मंजूर केली? “कागदावरचं नको वाचू. शिफ्ट दाबल्यावर काय येतं ते बघ.” मुलीकडचे म्हणाले, आमची काही अपेक्षा नाही? “बटणावर नाही. डोक्यावर असेल.”

नाटे राजापूर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. वर जांभ्या चिऱ्यांचा यशवंतगड, खाली मासळीचं बंदर, थोडं पुढे गेलं की आंबोळगडची पुळण. एवढ्या ऐवजात कॅल्क्युलेटरचं काय काम, असं कोणाला वाटेल. पण नानांच्या पडवीत सकाळी नऊला जाऊन बसा. डिप्लोमाची पोरं, सुतार, आंब्याचे व्यापारी, एखादा तांडेल, असे सगळे हातात काळं यंत्र घेऊन, दवाखान्यात बसावं तसे बाकावर बसलेले असतात. नाना फी घेत नाहीत. त्याऐवजी ते बोलतात, आणि ते ऐकावं लागतं. फी परवडली असती.

नाना मुंबईत ड्राफ्ट्समन होते. नोकरीला लागले तेव्हा हातात स्लाइड रूल, म्हणजे नानांच्या भाषेत ‘सरकपट्टी’. तिच्यावर गुणाकार व्हायचा, पण दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते डोक्याने ठरवावं लागायचं. पट्टी नुसती ‘तीन, एक, चार’ म्हणायची, ते ३.१४ की ३१४ हे तुम्ही जाणून घ्यायचं. हातात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर अमेरिकेत १९७२ साली आला. एचपी-३५ त्याचं नाव, कारण त्याला बटणं ३५. किंमत ३९५ डॉलर. नानांच्या ऑफिसात असलं काहीतरी यायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि आलं ते साहेबाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात राहिलं. ते वापरायचं तर साहेबाला आधी उत्तर सांगावं लागायचं. “अंदाजे किती येईल?” असं साहेब विचारायचा. सांगता आलं तरच किल्ली. नाना म्हणतात, “त्या किल्लीने माझं डोकं उघडलं.” हे वाक्य ते प्रत्येक रोग्याला ऐकवतात. मी सतरा वेळा ऐकलं आहे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी. आपल्याकडे गंमत अशी की बारावीच्या बोर्डाला फिजिक्सच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं. आणि तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवर मात्र छापलेलं असतं की नॉन-प्रोग्रॅमेबल पॉकेट कॅल्क्युलेटर चालेल. मोबाइल आणि पेजर चालणार नाही. पेजर या वस्तूचं नाव आजही जिथे आदराने घेतलं जातं अशी ती बहुधा शेवटची जागा असेल. सांगायचा मुद्दा, दहावीपर्यंत ज्या पोराने दुकानदाराचा कॅल्क्युलेटरसुद्धा धड हाताळलेला नसतो, त्याच्या हातात एकदम दोनशेचाळीस करामती असलेलं यंत्र येतं आणि ते वापरायचं कसं हे कोणीच शिकवत नाही. सोबतचं माहितीपत्रक इतक्या घड्यांचं असतं की उघडलं तर परत मिटत नाही. त्यामुळे पोरं ते उघडतच नाहीत.

सर्व्हेइंगच्या चाचणीत माझी सगळी उत्तरं चुकली होती. रीत बरोबर, आकडे भलतेच. मी नानांना म्हटलं, “नाना, कॅल्क्युलेटर बिघडलाय.”

नानांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “यंत्र चुकत नाही. विचारणारा चुकतो. साइन तीस किती?”

“अर्धा.”

“तुला येतंय. आता त्याला विचार.”

मी विचारलं. उत्तर आलं ०.४५३९९०४९९७.

वैद्याने नाडीवर बोट ठेवून ‘पित्त’ म्हणावं तसे नाना म्हणाले, “ग्रेडियन.” मग त्यांनी मला तो मंत्र दिला, जो पुढे मी होस्टेलात तीन वर्षं वाटला. साइन तीस विचारायचं. ०.५ आलं तर प्रकृती उत्तम, यंत्र डिग्रीत आहे. उणे ०.९८८ आलं तर रेडियन. ०.४५४ आलं तर ग्रेडियन. वरच्या ओळीत डी, आर किंवा जी असं मुंगीएवढं अक्षर असतं. ते बघितलं असतं तर ही परीक्षासुद्धा करायला नको. पण ते बघत कोणी नाही, कारण सगळ्यांचे डोळे उत्तराच्या जागी लागलेले.

“पण नाना, ग्रेडियन लागतो कोणाला?”

“कोणालाही नाही. फ्रेंचांनी क्रांती केली, राजा मारला, मग मापं बदलायला घेतली. सगळं दहा-शंभरात. काटकोनाचे नव्वद भाग कशाला, शंभर करू! त्यांनी केले, आणि दोनशे-सव्वादोनशे वर्षांनी चाचणीत मार्क तुझे गेले.” मग कॅसिओच्या त्या जुन्या एमएस जातीच्या यंत्राचं मोड बटण त्यांनी दोनदा दाबलं आणि मग एक. “पुढे नवीन ईएस जातीचं घेतलंस तर शिफ्ट, मोड, तीन. जात बघून औषध द्यावं.”

नानांच्या दवाखान्यात शस्त्रक्रियाही होतात. चष्म्याच्या दुकानातून आणलेला बारका स्क्रू-ड्रायव्हर, शाळकरी खोडरबर, जुना टूथब्रश आणि काकूंच्या स्वयंपाकघरातून पळवलेलं लिंबू, एवढी हत्यारं. खाऱ्या वाऱ्याने सेलच्या पत्र्यांवर हिरवट गंज धरतो. तो खोडरबरने जातो. अल्कलाइन सेल फुटून पांढरी पूड आली असेल तर त्यावर लिंबाचा थेंब. (“आगळ वापरा की, लिंबं महाग झालीत,” असं काकू आतून सुचवतात; नाना ते मीठ असतं म्हणून नाकारतात.) एखादं बटण दाबलं जाऊनही आकडा उठत नसेल तर नाना मागचे स्क्रू काढून रबरी चादर उचलून दाखवतात. प्रत्येक बटणाखाली रबराचा एकेक फुगा, आणि त्याच्या पोटात कार्बनची काळी टिकली. ती खालच्या नक्षीला टेकली की आकडा. टिकलीवर घाम-धूळ बसली की मौनव्रत. नाना ती कोरड्या कापसाने पुसतात आणि दहा वेळा आठ दाबून घेतात, कारण आठमध्ये सगळ्या काड्या पेटतात. एखादी मेलेली असेल तर लगेच कळतं. आठांची रांग पूर्ण उजळली की रोगी घरी.

एक गोष्ट मात्र नाना सहजासहजी करत नाहीत: रिसेट. शिफ्ट, मग मोडच्या डोक्यावरचं सीएलआर, मग तीन, मग बरोबर. की यंत्र जन्मलं तेव्हा होतं तसं होतं. नाना याला ‘गंगा’ म्हणतात. राजापूरची गंगा साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात. ही गंगा तीन नंबरचं बटण दाबून येते. “सगळी पापं धुते रे,” नाना म्हणतात, “पण कुठलं पाप होतं ते कळत नाही. मग परत तेच करशील. आधी दुखणं ओळख, मग बुडी मार.”

आता सुताराची गोष्ट. गावात एका घराचं छप्पर चढायचं होतं. भिंत ते भिंत रुंदी वीस फूट, म्हणजे मध्यापर्यंत दहा. उतार तीस अंशांचा. आढं किती उंच येईल? पिढ्यान्‌पिढ्या सुतारांनी हे गुण्याने आणि नजरेने केलं आहे. पण या सुताराच्या मुलाने कॅल्क्युलेटर आणला होता आणि बापाला दाखवायचं होतं. दहा गुणिले टॅन तीस. उत्तर उणे चौसष्ट.

बाप नानांकडे आला, मुलगा मागून. नानांनी आकडा बघितला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, “मालकाने विहीर सांगितली का?”

“नाय नाना, छप्पर.”

“हे चौसष्ट फूट जमिनीखाली जातंय. पाणी नक्की लागेल. कौलं मात्र ओली राहतील.”

रेडियन काढून डिग्री केली. ५.७७ आलं. पावणेसहा फूट. तेव्हा सुतार पहिल्यांदा बोलला: “मी पावणेसहाच म्हटलंवतं.” नानांनी कॅल्क्युलेटर मुलाच्या हातात दिला, बापाकडे बोट केलं आणि म्हणाले, “हे मॉडेल जुनं आहे, पण नेहमी डिग्रीतच असतं.”

तांडेलाची गोष्ट याहून मोठी, कारण तिच्यात समुद्र आहे. साखरीनाट्याहून एक तांडेल आला. बोटीवरच्या जीपीएसला जागा अंश-मिनिटांत देत असत. नवीन मोबाइलच्या नकाशाला दशांश हवे होते. त्याने १६ अंश ३६ मिनिटं ही आपल्या बंदराजवळची खूण सरळ १६.३६ म्हणून भरली. नकाशाने नाटं सोडून त्याला भलतीकडेच नेलं.

नाना उठून उभे राहिले. उभे राहून बोलतात तेव्हा विषय त्यांच्या आवडीचा असतो. “अंशाची मिनिटं साठ. शंभर नव्हेत. छत्तीस मिनिटं म्हणजे साठातली छत्तीस, म्हणजे दशांश सहा. १६.६ लिही.” मग अंश-मिनिट-सेकंदाचं ते तीन टिंबांसारखं बटण दाबून दाखवलं: सोळा, बटण, छत्तीस, बटण, बरोबर, पुन्हा बटण, आणि १६.६ उमटलं. “आता तू केलेली चूक किती मोठी ते काढू. १६.६ वजा १६.३६. ०.२४ अंश. गुणिले साठ, १४.४ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. १४.४ मैल दक्षिणेला. विजयदुर्ग मागे टाकून कुठे पोचलास?”

तांडेलाने क्षणभर डोळे मिटले. त्याला कॅल्क्युलेटर लागला नाही. “देवगड.”

“म्हणजे जाळं नाट्याचं, मासा देवगडचा. भांडण किती गावांचं?” नानांनी विचारलं आणि या प्रश्नाला कुठलंच बटण नसल्याने ते खाली बसले.

कॅल्क्युलेटरच्या चुकांची नानांनी माणसांसारखी वर्गवारी केली आहे. सिंटॅक्स एरर म्हणजे बोलायला चुकलास: दोन गुणिले एकापुढे एक लावलेस. मॅथ एरर म्हणजे बोललास शुद्ध, पण मागितलंस अशक्य. शून्याने भाग, साइन इन्व्हर्स दोन, सत्तरचं फॅक्टोरियल. “एकोणसत्तरपर्यंत तो निमूट करतो. सत्तर म्हटलंस की शंभर आकड्यांच्या पलीकडे जातं, मग हात जोडतो. माणसालाही अशी मर्यादा असावी.” नाट्यातल्या बहुतेक भांडणांवर नाना याच दोन शब्दांत निकाल देतात. अमक्याने चारचौघांत उद्धट भाषेत पैसे मागितले: सिंटॅक्स. तमक्याने गोड भाषेत भावाकडे त्याचा वाटा मागितला: मॅथ. “आणि यंत्राचा मोठेपणा बघ. एरर आली की डावा नाहीतर उजवा बाण दाब. चूक झाली तिथेच नेऊन कर्सर उभा करतो. रागावत नाही, मागची उणीदुणी काढत नाही. एवढं तुझ्या काकूला जमलं असतं तर...” आतून भांडं आपटल्याचा आवाज येतो आणि वाक्य सिंटॅक्स एररमध्ये संपतं.

भावांचा विषय निघाला की नानांचं विनोदाचं बटण जरा अडकतं. कॅसिओ कंपनी जपानात काशिओ नावाच्या चार भावांनी १९५७ साली काढली. त्यांचं पहिलं यंत्र टेबलाएवढं होतं आणि वजन १४० किलो. नाना हे सांगतात आणि पुढे म्हणतात, “चार भाऊ एकत्र राहिले म्हणून १४० किलोचं यंत्र खिशात आलं. आपल्याकडे चार भाऊ म्हणजे चार चुली आणि एक सातबारा.”

एकदा माझ्यासमोर एक गृहस्थ सातबारा घेऊन आले. अकरा गुंठे माडाची बाग. पणजोबांचा सहावा हिस्सा, त्यात आजोबांचा तिसरा, त्यात यांचा चौथा. मुंबईतल्या चुलतभावाशी कोर्टात जायचं होतं. त्याआधी आपल्या वाट्याचा आकडा हवा होता. नानांनी अपूर्णांकाचं बटण वापरलं. जुन्या यंत्रावर अपूर्णांक आडव्या रेघेने दिसत नाही. अंश, मग एक छोटा कोपरा, मग छेद असा येतो. एक, कोपरा, बहात्तर. पडवीत कोणी बोललं नाही. मग नानांनी गुंठ्याचे १०८९ चौरस फूट धरले, अकराने गुणलं, बहात्तरने भागलं. १६६.३७५.

“पंधरा फूट बाय अकरा फूट,” नाना म्हणाले. “एक माड, आणि दुपारी बारा वाजताची त्याची सावली. तीन वाजल्यावर सावली भावाच्या वाट्यात जाईल. वकिलाची फी किती म्हणालात?”

गृहस्थ कागद घडी करून गेले. कोर्टात गेले की नाही ते मला माहीत नाही. नानांनी त्या दिवशी आणखी रोगी घेतले नाहीत. त्यांच्या घराचाही सातबारा आहे, आणि त्यांचाही एक भाऊ वरच्या वाडीत राहतो, ज्याच्याशी ते तेवीस वर्षं बोललेले नाहीत. हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि पडवीत कोणी काढत नाही.

नानांचं ‘यंत्र चुकत नाही’ हे वाक्य मोडून काढायचा मी एकदा घाट घातला होता. वाचता वाचता मला सापडलं की त्या आद्य एचपी-३५ च्या पहिल्या खेपेत खरोखरच खोट होती. २.०२ चा नैसर्गिक लॉग काढून तो परत उलटा फिरवला की २.०२ यायला हवेत. त्या यंत्रात यायचे फक्त २. कंपनीने गिऱ्हाइकांना कळवलं आणि यंत्र बदलून देऊ केलं. मी विजयी मुद्रेने ही बातमी पडवीत नेली.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दोन पैसे गेले कुठे?”

“म्हणजे?”

“दोन रुपये दोन पैसे गेले, दोन रुपये परत आले. दोन पैसे कुठे गेले? सगळ्यांनी बदलून घेतलं का?”

“सगळ्यांनी नसेल घेतलं.”

“अमेरिकन ते. राजापूर तालुक्यातला असता तर दोन पैशांसाठी हायकोर्टात गेला असता.” आणि माझा विजय त्या दोन पैशांबरोबर कुठेतरी नाहीसा झाला.

नानांचा पराभव व्हायचा होता तो घरातच. त्यासाठी काकूंची ओळख हवी. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. पण त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि साडेतीनची ती औटकीसुद्धा घोकून घेतलेली. कोळणीशी घासाघीस चालू असताना काकूंच्या ओठांची हालचाल होते, आणि नाना खिशातून यंत्र काढेपर्यंत मासळी पिशवीत पडलेली असते. नाना याकडे दुर्लक्ष करतात. ती ‘नॉन-प्रोग्रॅमेबल’ आहे, एवढंच म्हणतात.

गेल्या शिमग्याला वाडीच्या खर्चाचा हिशोब नानांकडे होता. खर्च ९,४५० रुपये, घरं ३६. नानांनी ९,४५० भागिले ३६ केलं. उत्तर २६३. घरटी २६३ रुपये ठरले, गोळा झाले, पेटीत मोजले तर ९,४६८. अठरा रुपये जास्त.

कमी आले असते तर गाव समजून घेतं. कोणीतरी दिले नसतील, पुढच्या वर्षी देईल. जास्त आले की चौकशी लागते. कोणी दोनदा दिले? कोणी गुप्तदान केलं, आणि का? एकाने तर असंही सुचवलं की वरच्या वाडीतल्या भावाने नानांना अडचणीत आणायला मुद्दाम टाकले असतील. नाना दोन रात्री यंत्र घेऊन बसले. ९,४५० भागिले ३६, बरोबर, २६३. लगेच त्यालाच गुणिले ३६, बरोबर, ९,४५०. यंत्र म्हणे सगळं ठीक आहे. पेटी म्हणे अठरा जास्त. चाळीस वर्षांत नानांनी असा रोग पाहिला नव्हता.

तिसऱ्या सकाळी काकू तांदूळ निवडत होत्या. “छत्तीस गुणिले दोनशे साठ किती?” त्यांनी सुपातूनच विचारलं. “नऊ हजार तीनशे साठ. उरले नव्वद. छत्तीस अडीच नव्वद. म्हणजे दोनशे साडेबासष्ट. तुमचं त्रेसष्ट कुठून आलं?”

नानांनी यंत्र तोंडाजवळ नेलं. वरच्या ओळीत, डी च्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘फिक्स’ लिहिलेलं होतं. मुंबईहून आलेल्या नातवाने खेळता खेळता मोड तीनदा, मग एक, मग शून्य दाबलं होतं. यंत्र दशांशाचे आकडे दाखवायचं बंद झालं होतं. साडेबासष्टचे ते त्रेसष्ट दाखवत होतं, पण पोटात साडेबासष्टच धरून होतं. म्हणून उलट गुणलं की अचूक ९,४५० परत देत होतं. चेहऱ्यावर एक आणि मनात दुसरं.

“शिफ्ट दाबून बघायचं की,” काकू म्हणाल्या आणि सूप पाखडू लागल्या.

नानांनी मोड तीनदा, तीन आणि एक दाबून यंत्राला पूर्वस्थितीवर आणलं. मग अठरा भागिले छत्तीस केलं. ०.५. घरटी आठ आणे परत द्यायचे. आठ आण्यांची नाणी कोण कोणाला देणार आता? म्हणून नानांनी ठरवलं, दोन-दोन घरांत मिळून एक रुपया. छत्तीस घरांच्या अठरा जोड्या. यादी करायला बसले आणि लक्षात आलं की शेजारी शेजारी असलेल्या निम्म्या घरांत बोलणं नाही. रुपया ठेवायचा कोणी, यावरून चार जोड्यांत नवीन भांडण होणार, हे त्यांनी कॅल्क्युलेटर न काढता सांगितलं. शेवटी सतरा जोड्यांचे सतरा रुपये देवळात तेलासाठी जमा झाले.

अठराव्या जोडीत एक घर नानांचं आणि दुसरं भावाचं होतं. तो रुपया घेऊन नाना संध्याकाळी पाखाडीने वरच्या वाडीत गेले. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलेलं नाही. रुपयाचा चहा येत नाही, पण दोघांनी चहा घेतला, असं सुताराने बघितलं आहे.

तेव्हापासून पडवीतल्या त्या जुन्या वाक्यात नानांनी दुरुस्ती केली आहे. आता ते म्हणतात, “यंत्र चुकत नाही. पण ते काय लपवतंय ते वरच्या ओळीत लिहून ठेवतं.” तुम्ही परीक्षेला, बांधकामाला किंवा वर्गणीच्या हिशोबाला बसणार असाल तर नानांच्या वतीने एवढंच सांगतो: आधी उत्तराचा अंदाज मोठ्याने म्हणा, मग बटण दाबा. आणि त्याआधी वरच्या ओळीत डी आहे आणि फिक्स नाही, एवढं चष्मा लावून बघून घ्या.